कूलर चालू, खिडकी बंद

“आई, पाय गेले.”

स्वरूपा हे इतक्या हळू म्हणाली, की मला आधी वाटलं, पाण्यात काहीतरी पडल्याचं सांगतेय. मी काठावर स्टूल टाकून लसूण सोलत बसले होते. मान वर केली तर चार फूट पाण्यात पोरगी हनुवटीपर्यंत खाली गेलेली, एका हाताने कडेच्या नळीला लटकलेली, चेहरा पांढराफटक. लसणाचं ताट कुठे भिरकावलं देव जाणे. मी काठावर पालथी पडले, तिच्या काखेत हात घातले आणि ओढत ओढत तिला पायऱ्यांपाशी आणलं. एकसष्टाव्या वर्षी एवढं बळ माझ्यात कुठून आलं, ते मला आजही सांगता येणार नाही. ती पायरीवर पडून राहिली, मी तिच्या उशाशी धापा टाकत बसले, आणि दोघींच्या अंगावरून घामाच्या धारा वाहत होत्या. पाण्यातून काढलेल्या माणसाला घाम फुटतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यावर तरंगत होता. उचलून पाहिला. पस्तीस. सकाळचे साडेसहा वाजले होते.

“उद्यापासून नको, आई,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “मी आपली झोपूनच राहते.”

मला अख्ख्या उन्हाळ्यात भीती होती ती नेमकी याच वाक्याची.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही अकोल्याचे. अकोल्यातला मे महिना ज्याने काढला नाही, त्याला सांगून समजत नाही. दुपारी नळ सोडला तर हात भाजतो, आणि भर दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा गावात माझ्या मुलाने, हर्षलने वाईची ही स्वरूपा करून आणली. कृष्णेच्या घाटावर पोहत वाढलेली, हसरी, तरतरीत. लग्नाच्या स्वागत समारंभात मी तिचा हात धरून सगळ्या हॉलभर मिरवलं होतं. तिसऱ्या वर्षी तिचा डावा पाय ओढायला लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसांवरचं आवरण झिजण्याचा आजार आहे. जिवाला धोका नाही, पण अंग तापलं की पाय ऐकणार नाहीत.

आणि तसंच झालं. आदल्या वर्षीचा उन्हाळा तिने अंथरुणात काढला. दोन महिने. जूनमध्ये उठली तेव्हा पायांत जीव उरला नव्हता. काठी आली, ती सुटायला दिवाळी उजाडली. डॉक्टर म्हणाले, “पुन्हा असं झोपवून ठेवलंत, तर पुढच्या वेळी काठीवर भागेल की नाही, मी सांगू शकत नाही. रोज अर्धा तास गार पाण्यात चालवा. पाणी अठ्ठावीसच्या आसपास हवं.”

आमच्या घरामागे सिमेंटचं मोठं टाकं होतं. वीस फूट लांब, बारा फूट रुंद. माझ्या यजमानांनी लिंबाच्या बागेसाठी बांधलेलं. ते गेले, बाग वाळली, टाकं राहिलं. हर्षलने त्याला निळ्या फरश्या लावल्या, पायऱ्या केल्या, कडेने धरायला नळी बसवली आणि विहिरीचं पाणी भरलं. मार्चमध्ये ती पाण्यात उतरली आणि नळीला न धरता चालली. तिचा चेहरा बघून मी देवापुढे पेढे ठेवले.

आता मी माझ्याबद्दल सांगते. मी गावंडे बाई. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. माझी चाहूल लागली की वर्ग गप्प व्हायचा, आणि खरं सांगायचं तर घरही व्हायचं. मी एकदा ठरवलं की ते ठरलं.

आणि मी ठरवलं, की टाक्याला पत्रे लावायचे.

कारण शेजारची गच्ची. काळमेघांचं घर तीन मजली, आणि आमचं मागचं अंगण त्यांच्या गच्चीवरून ताटात वाढल्यासारखं दिसतं. उन्हाळाभर काळमेघ वहिनी सकाळी सकाळी तिथे कुरडया आणि पापड वाळत घालायच्या. हात कुरडयांवर आणि डोळे चारी दिशांना. गल्लीत कोणाकडे कोण आलं, कोणाचं कोणाशी बिनसलं, सगळी खबर त्या गच्चीवरून निघायची. मी हर्षलला म्हटलं, “घरातली सून उघड्यावर पोहतेय, हे मला चालणार नाही.” तो म्हणाला, “आई, तिचे कपडे तर गळ्यापासून घोट्यापर्यंत आहेत.” मी म्हटलं, “तू मला शिकवू नकोस.”

पत्रे लावायला सुखदेव तायड्याला बोलावलं. सुखदेव म्हणजे आमच्या भागातला कूलरवाला. कूलर बनवणं, पंप बदलणं, जुनं गवत काढून नवं भरणं, सगळं तोच करायचा. वेल्डिंगही येत होतं. वय चाळिशीचं, डोक्याला टक्कल, दोन पोरांचा बाप, आणि माझा जुना विद्यार्थी. त्याने लोखंडी सांगाडा उभा केला, चारी बाजूंनी नऊ फूट उंच पत्रे ठोकले. वरून गच्चीचा डोळा नको म्हणून मी ताडपत्रीही ताणायला लावली. एक दार ठेवलं, त्यालाही आतून कडी.

काम झाल्यावर सुखदेव बराच वेळ पत्र्यांकडे बघत डोकं खाजवत उभा होता.

“काय रे?” मी विचारलं.

“काही नाही जी, बाई,” तो म्हणाला आणि सामान आवरून निघून गेला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी तीसवर गेलं. मग एकतीस, बत्तीस. मला कारण समजेना. ऊन तर आत येतच नव्हतं! हर्षलने बर्फाच्या कारखान्यातून चार लाद्या आणल्या. हातगाडीवरून उतरवताना आम्ही तिघं नुसते पळत होतो. लाद्या पाण्यात सोडल्या, पाणी दोन अंशांनी उतरलं, स्वरूपा अर्धा तास चालली, आणि संध्याकाळी पारा होता तिथे परत. विहिरीचं पाणी बदलावं तर मेमध्ये विहिरीला तळ दिसतो, प्यायचीच मारामार. मग मी सुखदेवला सांगून पत्र्यांच्या आत दोन मोठे कूलर लावून घेतले. त्याने लावले. लावताना पुन्हा डोकं खाजवलं. कूलरने तर कहरच केला. आत गेलं की अंग चिकचिकायचं, श्वास जड व्हायचा. तेहतीस. चौतीस. आणि मग ती सकाळ, जिचं वर सांगितलं. पस्तीस.

त्या दिवशी दुपारी स्वरूपा तिच्या खोलीत झोपली होती. झोपली कसली, छताकडे बघत पडली होती. सकाळच्या प्रकारानंतर हर्षल कामावर गेलाच नव्हता. घरातल्या कूलरचा पंप नेमका बंद पडला, म्हणून सुखदेवला बोलावलं होतं. त्याने पंप बसवला, पाणी खळखळायला लागलं, हवा सुरू झाली. मी सरबताचा पेला घेऊन खोलीत शिरले आणि थबकले. आत कोंदट वाटत होतं. पाहते तर समोरची खिडकी बंद, वर पडदा ओढलेला.

“कोणी लावली ही खिडकी?” मी ओरडले.

“मी लावली,” हर्षल म्हणाला. “उजेड येत होता तिच्या डोळ्यांवर.”

“अरे, अकोल्यात जन्मलास ना तू? कूलर चालू आणि खिडकी बंद? ओली हवा जाणार कुठून बाहेर? ती बाहेर गेली नाही तर पाणी सुकेल कसं, आणि पाणी सुकलं नाही तर गारवा येईल कुठून? साधं बाष्पीभवन आहे हे! सातवीच्या पोराला समजतं! उघड आधी ती खिडकी!”

हर्षल खिडकीकडे गेला. मी वळले, तर सुखदेव पान्हा हातात धरून तसाच उभा. माझ्याकडे बघत होता. मग त्याने हळूच मान वळवून उघडलेल्या खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर मागचं अंगण होतं, आणि अंगणात चारी बाजूंनी पत्रे आणि वरून ताडपत्री.

“काय बघतोस?” मी म्हटलं.

“काही नाही जी.”

“सुखदेव!”

त्याने पान्हा खाली ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. चाळीस वर्षांचा टक्कल पडलेला माणूस माझ्यासमोर वर्गात उभा राहावा तसा उभा राहिला.

“बाई, तुम्ही आता जे म्हटलं ना, तेच,” तो म्हणाला. “टाक्याची खिडकी बंद हाये.”

खरंच सांगते, माझ्यावर वीज पडावी तसं काही झालं नाही. उलट सगळं संथपणे समजत गेलं. उघडं पाणी कोरड्या हवेत आपोआप गार होतं. माठ गार होतो, ओला पंचा गार होतो. आमचं टाकंही गार झालं असतं. अकोल्यात पाण्याची वानवा असेल, पण कोरड्या हवेची नाही. मी त्या हवेलाच पत्रे ठोकले होते. वर त्या बंद डब्यात दोन कूलर लावून उरलासुरला ओलावाही आतच कोंडला होता. एकतीस वर्षं हा धडा मी फळ्यावर माठ काढून शिकवला होता.

“तुला कधीपासून माहीत होतं?” मी विचारलं.

“पहिल्याच दिवशी समजलं होतं, बाई.”

“मग बोलला काहून नाहीस? तोंड शिवलं होतं का तुझं?” रागाने माझ्या तोंडून घरची भाषा बाहेर पडली.

“तुमच्यापुढं कसं बोलाव जी?” तो खाली बघत म्हणाला. “सातवीत असताना मी एकडाव म्हटलं होतं, का बाई, फळ्यावर चुकलं तुमचं. तुम्ही मले बाकावर उभं केलं. अन् दोन दिवसांनी फळ्यावरचं गुपचूप नीट केलं. आठवते?”

आठवत होतं. चांगलं आठवत होतं.

“अन् पत्रे ठोकताना तुम्ही ‘लाज झाकायची हाये’ म्हणाल्या,” तो पुढे म्हणाला. “घरच्या बाईमाणसाची गोष्ट. त्यात मी काय बोलू?”

हर्षल खिडकीपाशीच उभा होता. “मग काढू या पत्रे,” तो म्हणाला. “आत्ताच्या आत्ता.”

आणि इतकं सगळं समजूनही माझ्या तोंडून काय निघावं? “आणि ही उघड्यावर जाणार? समोर काळमेघांची अख्खी गच्ची आहे! लोक काय बघतील, काय बोलतील...”

“आई.”

स्वरूपा कोपरावर रेलून उठली होती. ती कधी मला उलटून बोलली नव्हती. तेव्हाही आवाज चढवला नाही.

“एक विचारू? लोकांना माझे कपडे दिसायला नकोत, की माझे पाय?”

मला रागवायचं होतं. ‘काहीतरी काय बोलतेस’ असं म्हणायचं होतं. पण पोरीने बरोबर जागी बोट ठेवलं होतं. कपड्यांचं मला काही नव्हतं. माझ्या शाळेच्या मुली मी स्वतः पोहण्याच्या स्पर्धेला नेल्या होत्या. मला नको होतं ते तिचं लंगडणं कोणी बघायला. हॉलभर मिरवलेली माझी सून पायरी धरून धरून पाण्यात उतरते, आणि वरून काळमेघ वहिनी म्हणतात, “अगं बाई, गावंड्यांच्या घरी काय हे होऊन बसलं.” मला लोकांची कीव नको होती. तिची नाही, माझी! माझी कीव. त्यासाठी मी त्या पोरीला पत्र्यांत कोंडून उकडत ठेवलं होतं, आणि सकाळी ती माझ्या डोळ्यांसमोर बुडता बुडता वाचली होती.

मी पलंगावर तिच्या पायांशी बसले. पायांवर चादर होती, त्या चादरीवर हात ठेवला.

“पायच,” मी म्हटलं. “चुकलं माझं.”

एकतीस वर्षांत हे दोन शब्द मी कोणासमोर उच्चारले नव्हते. सुखदेव तर असा बघत होता, की आता बाई चक्कर येऊन पडतात की काय. मी त्याच्याकडे वळले.

“तू काय बघतोस? पान्हा उचल. चल.”

दुपारी चारच्या उन्हात आम्ही पत्रे काढले. हात लावला तर चटका बसत होता, म्हणून हाताला पोती गुंडाळली. हर्षल, सुखदेव आणि मी. एकेक पत्रा आडवा पडताना असा आवाज व्हायचा की गल्ली दणाणली असेल. ताडपत्री काढून सुखदेवने रोपवाटिकेत असते ती हिरवी जाळी वर ताणली. सावलीही राहिली आणि हवाही मोकळी. कूलरचे पंप काढून त्याने नळीला भोकं पाडली आणि टाक्याच्या एका कडेने कारंजं करून दिलं. “दिवसा फक्त सावली ठेवा, बाई,” तो म्हणाला. “कारंजं दिवस कलला की लावा अन् सकाळी बंद करा. बाकी वारा पाहून घेते.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी चूळही न भरता मागे गेले. बत्तीस. तिसऱ्या दिवशी तीस. टाक्यातलं पाणी चार बोटं कमी झालं होतं, आणि त्या चार बोटांचं मला एवढं कौतुक वाटलं म्हणून सांगू! तेवढं पाणी जाताना उष्णता घेऊन गेलं होतं. चौथ्या दिवशी थर्मामीटर उचलला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. अठ्ठावीस. मी तिथूनच हाक मारली, “स्वरूपा! ऊठ!”

ती आली. पुन्हा हाती आलेली काठी टेकत, हर्षलच्या खांद्याला धरून, तो निळा घोट्यापर्यंतचा पोशाख घालून. पायऱ्यांपाशी आली आणि थांबली. तिची नजर वर गेली. मीही पाहिलं. गच्चीवर काळमेघ वहिनी कुरडयांचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. बघत होत्या. लपूनछपून नाही, सरळ कठड्याला टेकून.

स्वरूपाचा हात काठीवर घट्ट झाला. आधी प्रश्न विचारताना हिंमत होती पोरीत, पण विचारणं वेगळं आणि उतरणं वेगळं.

मी चप्पल काढली, निऱ्या वर खोचल्या आणि पाण्यात उतरले. मला पोहता येत नाही. साडी फुगून वर आली, ती मी दाबून खाली बसवली आणि छातीइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिले. अंगभर असा गारवा चढला, की बाप्पा! महिनाभराची सगळी तगमग त्या एका क्षणात उतरली. मी हात पुढे केला.

“ये,” मी म्हटलं. “बघायचं असेल त्याला बघू दे. माझ्याकडेही बघू दे.”

स्वरूपा आधी हसली आणि मग उतरली. एक पायरी, दुसरी, तिसरी. डावा पाय थरथरला. मग पाण्याने तिला उचलून धरलं आणि तिने काठी हर्षलकडे टाकली. माझा हात धरून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. वळली. परत आली. पुन्हा वळली. चौथ्या फेरीला तिने माझा हात सोडला. पाय ऐकत होते. मी मधे उभी राहून नुसती बघत होते, आणि हर्षल काठावर बसून डोळे पुसत होता, अगदी उघडपणे.

“गावंडे बाई!” वरून हाक आली.

आता आलं, मी मनात म्हटलं. मान वर केली.

“महिना झाला पाहून राह्यली,” काळमेघ वहिनी म्हणाल्या. “पत्र्याच्या आत काय चालू हाये, समजेच ना. आमच्या घरचे म्हणत, मसाल्याचा कारखाना टाकला बाईंनी!”

“कारखाना!” मी म्हटलं. “नाही हो. सुनेचे पाय दुखणाईत आहेत. तिला पाण्यात चालवायचं असतं.” बोलून टाकलं. गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलून टाकलं, आणि काहीही झालं नाही. आभाळ जागच्या जागी होतं.

काळमेघ वहिनी कठड्यावरून आणखी वाकल्या.

“अन् गुडघ्यांले चालते का हो ते?” त्यांनी विचारलं. “माह्ये दोन्ही गुडघे गेले बाई. गच्चीवर चढाले अर्धा तास लागते, कोणाले सांगत नाही. मी येऊ का?”

मी स्वरूपाकडे पाहिलं. ती त्या टोकाला वळत होती, केस ओले, गाल लाल.

“येऊ द्या की,” ती चालता चालता म्हणाली. “पण म्हणावं, मधे उभं राहायचं नाही. माझ्या अजून सहा फेऱ्या राहिल्यात.”

आणि मी वर तोंड करून, वर्गात लावायचे त्या आवाजात, अगदी तसंच सांगितलं.